घरात कुणी वाजवत नाही

“डाव्या हाताला देवघर. नीट बघून ठेव,” हिंदुराव म्हणाला. “पल्याड सैपाकघर. आन् ही मधली खोली. हितं तू जेवाय बसतोस.”

“कधी?” मी विचारलं.

“कधी म्हंजी? दिवाळीला, जत्रंला. आपली दोस्ती हाय न्हवं का!”

हे बोलताना त्याला हसू आलं नाही. मलाही आलं नाही. मी खोली बघून ठेवली. भिंतीवर त्याच्या वडलांचा हार घातलेला फोटो, खाली लाकडी बाक, कोपऱ्यात काचेचं फडताळ, फडताळात निळ्या फुलांच्या कपबशा.

“मला पोरं किती?”

“दोन मुली, एक मुलगा.”

“थोरलीचं नाव?”

“वैजयंता.”

“ब्येस. उद्या कंपनीची ती वकीलबाई काय बी इचारंल. अडकायचं न्हाई, बजरंगा.”

एरवी मी बजरंग्या. त्या आठवड्यात बजरंगा झालो होतो. माझ्या बापाला, लिंबाजी ऐवळ्याला, हिंदुराव आयुष्यभर ‘लिंब्या’ म्हणत आला. बाप त्याच्याहून वीस वर्षांनी मोठा. त्यालाही हल्ली तो ‘आबा’ म्हणायला लागला होता. अडला हरी म्हणतात ते असं.

मी त्याच गावात जन्मलो, तिथंच बत्तीस वर्षं काढली, आणि हिंदुराव शिर्क्याचा उंबरा त्या दिवशी पहिल्यांदा ओलांडला. त्याच्या दारात मात्र शंभरदा उभा राहिलो असेन. आमचं घराणं वाजंत्र्यांचं. शिर्क्यांच्या घरात पाळणा हलला, हळद लागली, कुणी गेलं, की आबानं सनई घेऊन अंगणात यायचं. मी मोठा झाल्यावर क्लॅरिनेट घेऊन त्याच्या मागं. चहा मिळायचा. त्याच्यासाठी गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात कान तुटलेले दोन कप. आपण घ्यायचे, प्यायचं, आपणच धुऊन परत ठेवायचे. गावातली निम्मी घरं तोवर सुधारली होती. हिंदुरावाकडं त्याच्या आईचा शब्द चालायचा.

ती म्हातारी देवघराच्या दारात बसली होती. मी आत असेपर्यंत तिनं माझ्याकडं बघितलं नाही. सून चुलीपाशी पदर नाकावर धरून उभी होती.

सगळं दाखवून झाल्यावर मी बाहेर पडलो. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर आठवलं, टोपी आत बाकावर राहिली. मागं फिरलो. दार उघडंच होतं. म्हातारी तांब्यातलं गोमूत्र शिंपडत होती आणि सून तिच्या मागून फरशी पुसत होती. मी जिथं जिथं पाय ठेवला होता तिथं तिथं. म्हातारीनं मला बघितलं. ती शरमली वगैरे नाही.

“टोपी व्हय? थांब हितंच.”

तिनं केरसुणीच्या मुठीनं टोपी बाकावरून खाली पाडली, ढकलत ढकलत उंबऱ्यापर्यंत आणली आणि बाहेर लोटली. मी वाकून उचलली. झटकली. आणि म्हणालो, “बरं आजी, येतो.”

त्या केरसुणीचं मला फारसं काही वाटत नाही. म्हातारी जशी होती तशी वागली. पण ‘बरं आजी, येतो’ हे मी कशाला म्हणालो? आज इतकी वर्षं झाली, तोंडात केस आल्यासारखं ते वाक्य मला सलतं.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो.

आमचा सात जणांचा बँड होता. गुलमोहर ब्रास बँड. सगळी भावकीच. लाल कोट, त्याला पितळी बटणं, पांढरी पँट, पँटीला बाजूनं लाल पट्टी. चौऱ्याण्णव सालच्या वैशाखात शेजारच्या तालुक्यात एका लग्नाची सुपारी होती. जायला हिंदुरावाची जीप ठरवली. ती जीप वडाप करायची, म्हणजे भाडं घेऊन माणसं कोंबून न्यायची. कागदोपत्री मात्र ती त्याची घरगुती गाडी. तिचा विमाही घरगुती गाडीचाच. गाडी त्याचा पुतण्या चालवत होता. उतारावर त्याला वळण आवरलं नाही आणि जीप ओढ्याच्या पुलाच्या कठड्यावर आदळली.

महादू ऐवळे मागच्या फळीवर बसला होता, मांडीवर साइड ड्रम घेऊन. तो जागच्या जागी गेला. माझा चुलतभाऊच तो, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बाकीच्यांना खरचटण्यावर निभावलं. मी पुढं होतो. समोरच्या लोखंडी दांडीवर तोंड आपटलं, वरचे चार दात गेले आणि वरचा ओठ नाकापर्यंत उभा फाटला.

मी रस्त्याच्या कडेला तोंडावर टॉवेल दाबून बसलो होतो. अर्ध्या तासात हिंदुराव मोटरसायकलवरून आला, मागून आणखी दोघं आले. पोलीस अजून यायचे होते. हिंदुराव महादूशेजारी गुडघ्यावर बसला आणि त्याच्या कोटाची बटणं एकेक करून काढायला लागला. मला वाटलं, श्वास चालू आहे का बघतोय. खोटं कशाला सांगू, मला त्याच्याविषयी माया दाटून आली. मग त्यानं महादूला कुशीवर वळवलं आणि कोट ओढून काढला.

नंतर माझ्याकडं आला. “हात वर कर.”

मी केले. त्यानं माझाही कोट काढला. बाकीच्यांचे त्या दोघांनी काढले. सगळे कोट, माझं क्लॅरिनेट, ड्रम, मोठ्या भोंग्याचं पितळी युफोनियम, सगळं पोत्यात घालून पलीकडच्या शेतातल्या पडक्या विहिरीत टाकलं. तिच्या पाण्याचा कुणी उपसा करत नव्हतं. टाकल्याचा आवाज मला ऐकू आला. मला ओरडायचं होतं. पण तोंडच नव्हतं.

पंचनाम्यात लिहिलं गेलं, ‘मयताचे अंगात बनियन.’ घाईत पँटींकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

महादूची बायको सोजर. दोन लहान मुलं. तेराव्यानंतर तिनं मला एवढंच विचारलं, “भावजी, त्येंच्या अंगातला कोट कुठं गेला? वरनं तिसरं बटन मी लावलं हुतं. पितळी गावलं न्हाई म्हनून काळं लावलं हुतं. लगीच वळकंल.”

मी टाके घातलेल्या ओठानं “गावला न्हाई” असं पुटपुटलो. माझं पहिलं खोटं ते.

हिंदुरावानंच आम्हाला वकील गाठून दिला. जिल्ह्याच्या गावी हुक्केरी म्हणून एक वकील होते, सदा सुपारी चघळणारे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आम्हाला तीन वाक्यांत कायदा सांगितला.

“भाडं देऊन बसला होता म्हणालात, तर विमा कंपनी हात वर करणार. मग वसुली हिंदुरावाकडून. आणि त्याच्या नावावर काय आहे? मोडकी जीप. जमीन सगळी आईच्या नावावर आहे, मी उतारे बघितलेत.”

“मंग?” आबानं विचारलं.

“मग काय. भाडं दिलं नाही म्हणायचं. मित्र होता, पाहुणे म्हणून लग्नाला निघाला होता. तर कंपनी देईल. या बाईला मिळेल, तुमच्या मुलाला मिळेल.”

सोजर मुलाला पाजत कोपऱ्यात बसली होती. ती मध्येच म्हणाली, “पर ते तर वाजवाय गेले हुते.”

वकिलांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. “ताई, वाजवायला गेले म्हटलं की भाड्यानं गेले. आणि भाड्यानं गेले की तुम्हाला शून्य.”

दावा दाखल झाला. दोन वर्षं ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात होती. धाकट्याला बांधावर झोपवायची. एकदा त्याला इंगळी चावली. हे सगळं मी बघत होतो, आणि साक्षीदार म्हणून माझंच नाव गेलं होतं. पुढं बसलेला मी, शुद्धीवर असलेला मी. माझ्या एका तोंडावर तिचं सगळं अवलंबून होतं.

घर दाखवून झालं त्या दिवशी मी आबाला सगळं सांगितलं. टोपीचं तेवढं गाळलं.

आबा पत्र्याच्या डब्यातली सनईची पत्ती काढून बोटानं चाचपत होता. ती त्याची सवय, हाताला काहीतरी लागायचं. त्यानं मला सात वर्षांचा असताना दम शिकवला. पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडायचा, पाण्याच्या लोट्यात बुडवायचा आणि बुडबुडे सोडायचे. नाकानं श्वास घेत राहायचं, बुडबुडा तुटता कामा नये. तुटला की कानफटात. वर्षभर कानफटात खाल्ल्यावर एक दिवस बुडबुडा तुटला नाही. आबा लोट्याकडं बघत राहिला आणि उठून गावात पेढे आणायला गेला.

“तुला काय काय इचारतील?” त्यानं विचारलं.

“वाजवता का म्हनून इचारतील.”

आबानं पत्ती डब्यात ठेवली. झाकण लावलं.

“सोजरच्या पोरांकडं बगून बोल,” तो म्हणाला.

कोर्टात आबा माझ्यासोबत आला. धुतलेलं धोतर, पिवळा फेटा. मागच्या बाकावर सोजर आणि तो. हिंदुराव दुसऱ्या बाजूला, आम्हाला भरपाई मिळावी म्हणूनच आल्यासारखा चेहरा करून. कंपनीच्या वकील मोकाशी बाई. बारीक आवाजाच्या, चष्मा साखळीला बांधलेला. मी ईश्वरसाक्ष खरं सांगेन म्हणून शपथ घेतली.

“हिंदुराव शिर्के तुमचे कोण?”

“दोस्त.”

“किती वर्षांपासून?”

“ल्हानपनापासनं.”

“त्यांच्या घरी जाणं-येणं आहे?”

“हाय की.”

“आत गेल्यावर देवघर कुठल्या हाताला?”

“डाव्या.”

“मुलं किती?”

“दोन मुली, एक मुलगा. थोरली वैजयंता.”

हुक्केरी वकिलांची मान समाधानानं हलली. मोकाशी बाईंनी चष्मा काढून पुसला.

“चहा देतात का तुम्हाला तिथं?”

हे कुणी पढवलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं गोठ्यातला कोनाडा आला. मी हिंदुरावाकडं बघितलं, तो छताकडं बघत होता.

“देतात की. निळ्या फुलांच्या कपातनं.”

“तो कप ठेवतात कुठं?”

“फडताळात. समद्यांच्या कपांत.”

“बरं.” त्यांनी एक कागद काढला. “पंचनाम्यात लिहिलंय की मयताच्या अंगात पांढरी पँट, बाजूला लाल पट्टी. तुम्ही दवाखान्यात दाखल झालात, तिथल्या कागदातही तुमची पँट तशीच. लग्नाला निघालेले पाहुणे एकसारखी पँट घालतात का?”

“भावकीतले हाव. एकाच ताग्यातनं शिवल्या. सस्त पडतंय.”

मागं कुणीतरी हसलं. न्यायाधीश साहेबही गालात हसले. माझं उत्तर चांगलं होतं हे मलाही कळलं, आणि सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मी खूश झालो.

“तुम्ही वाद्य वाजवता का?”

“न्हाई.”

“उजवा हात पुढं करा. या अंगठ्यावर घट्टा कसला?”

क्लॅरिनेटचा सगळा भार उजव्या अंगठ्यावर येतो. पंधरा वर्षांचा घट्टा होता तो. दोन वर्षांत मऊ पडला होता, पण गेला नव्हता.

“खुरप्याचा.”

“खुरप्याचा घट्टा तळव्यावर येतो ना?”

“धरायची ज्येची त्येची तऱ्हा.”

मोकाशी बाईंनी मागं वळून बघितलं. “ते पिवळ्या फेट्याचे गृहस्थ कोण?”

“वडील.”

“ते काय करतात?”

हुक्केरी वकिलांनी मला फक्त माझ्यापुरतं पढवलं होतं. मी वाजवत नाही, एवढंच म्हणायचं होतं. बापानं सनई वाजवली म्हणून मी भाड्यानं गेलो असं काही सिद्ध झालं नसतं. हे मला नंतर त्यांनीच सांगितलं. पण खोट्याची एकदा गोडी लागली की माणूस मागितल्यापेक्षा जास्त वाढतो.

“मजुरी,” मी म्हणालो. “ते बी वाजवत न्हाईत. आमच्या घरात कुनीच वाजवत न्हाई. बापजाद्यांत कुनाला वाद्य धरता बी आलं न्हाई.”

साहेबांनी टायपिस्टला सांगितलं. तो एकेक शब्द बडवत गेला, ‘माझे घरात कोणीही वाद्य वाजवत नाही. पूर्वजांपैकीही कोणास वाद्य वाजविता येत नव्हते.’ मला वाचून दाखवलं आणि मी खाली सही केली. वळलो तेव्हा आबा माझ्याकडं बघत नव्हता. त्याचे दोन्ही हात मांडीवर उपडे होते, बोटं पसरलेली. त्या बोटांनी तो सनईची सात भोकं मिटायचा.

कोर्टाच्या फाटकाबाहेर हिंदुरावानं माझ्या पाठीवर थाप मारली. “शाब्बास रं वाघा! फडताळाचं तर म्या बी सांगितलं नव्हतं.”

एस.टी. स्टँडवर आबानं एकच प्रश्न विचारला.

“सोजरचं काम झालं?”

“हुईल म्हनत्यात.”

“मंग झालं,” तो म्हणाला आणि गाडी येईपर्यंत वेळापत्रकाची पाटी वाचत उभा राहिला. त्याला वाचता येत नव्हतं.

काम झालं. महादूला शेतमजूर धरून सोजरला रक्कम मंजूर झाली. तिनं दोन म्हशी घेतल्या आणि मुलं शाळेत घातली. थोरला पुढं वायरमन झाला. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

माझ्या ओठाचं मात्र गमतीचं झालं. निकालाआधी मोकाशी बाईंनी साहेबांपुढं एकच मुद्दा मांडला. साक्षीदार शेतमजूर आहे. खुरपं काही ओठानं धरत नाहीत. त्याच्या कमाईचं काहीच नुकसान झालेलं नाही. बरोबरच होतं त्यांचं. फुंकून वाजवणाऱ्याचा ओठ गेला तर त्याचं सगळं गेलं, पण मी वाजवणारा नव्हतोच. माझी सही होती त्याच्यावर. मला दवाखान्याचा खर्च आणि चार दातांचे पैसे मिळाले. ते दात मी बसवून घेतले. ओठाला फट राहिली, वारा निसटतो, क्लॅरिनेट धरणार कुठलं. मी पुढं एका शाळेत शिपाई म्हणून लागलो. सकाळी साडेदहाला घंटा देतो, एवढंच वाजवायचं राहिलंय. आणि जेवताना पहिल्या घासाला अजून वाटतं, या दातांनी आपण काय चावतोय. भाकरीची चव बिघडते. किळस येते ती हिंदुरावाची नाही, माझ्या स्वतःच्या तोंडाची.

निकालानंतरच्या उन्हाळ्यात ती पडकी विहीर आटली. गाळातून युफोनियमचा भोंगा वर दिसायला लागला. गावातल्या पोरांनी दगड मारून आवाज काढला, पण बाहेर कुणी काढलं नाही. काढणार कोण? ते कुणाचंच नव्हतं. सोजर एकदा काठावर जाऊन बघून आली.

त्यानंतरच्या वर्षी, तुळशीचं लग्न झाल्यावर, हिंदुराव आमच्या दारात आला. येऊन बाजेवर बसला. माझ्या आठवणीत शिर्क्यांपैकी कुणी आमच्या बाजेवर बसलं नव्हतं. बोलवायचं असलं तर गडी यायचा.

“आबा, वैजयंताचं लगीन काढलंय,” तो म्हणाला. “मोठं स्थळ हाय. बँड शहरातनं आनतोय, लायटिंगवाला. पर वेशीपासनं मांडवापत्तूर सनई घरचीच पायजे. तुमचा मान हाय त्यो. आमच्या आज्याच्या लग्नात तुमचा आजा हुता.”

आबा नातवंडासाठी भोवऱ्याला दोरी गुंडाळत होता. त्यानं दोरी पुरी गुंडाळली.

“कसली सनई?” त्यानं विचारलं.

“कसली म्हंजी? तुमची.”

“आमच्याकडं न्हाई बा सनई.”

हिंदुराव हसला. “चेष्टा करताय व्हय म्हातारपनी!”

“चेष्टा कशाची, अण्णा? आमच्या घरात कुनी वाजवत न्हाई. बापजाद्यांत कुनाला आलं न्हाई. तुमच्या आज्याच्या लग्नात दुसरंच कोन तरी आसंल.”

हिंदुरावाचं हसू ओठावरच थांबलं. “आबा, ती कोरटातली गोष्ट. काम झालं, मिटलं. आता त्येचं काय?”

“सायबाम्होरं शपतंवर सांगितलंय माझ्या पोरानं. टाइप झालंया. खाली सही हाय.” आबाचा आवाज चढला नव्हता. “कोरटात एक आन् मांडवात एक, आसं करून कसं चालंल? पोरगं खोटं पडंल की माझं.”

“पावण्यांत माझी शोभा करताय तुमी.”

“न्हाई न्हाई. लग्नाला येऊ की आमी! माझा पोरगा दोस्त हाय तुमचा ल्हानपनापासनं. समदी येऊ. सोजरला बी आनतो. आत मधल्या खोलीत जेवाय बसू.” आबा माझ्याकडं वळला. “देवघर कुठल्या हाताला रं, बजरंगा?”

मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. हिंदुरावाचं तोंड मला समोर दिसत होतं.

“डाव्या,” मी म्हणालो.

“हां. डाव्या. आन् च्या कशात देत्यात म्हनालास?”

“निळ्या फुलांच्या कपातनं.”

हिंदुराव उठला. धोतराचा सोगा झटकला.

“बसा की, अण्णा,” आबा म्हणाला. “च्या तर घ्या. आमचे कप बी धडक्या कानाचे हायत.”

तो बसला नाही. चहाही घेतला नाही. लग्नात सनई परगावाहून आणली. आम्हाला पत्रिका आली नाही.

तो गल्लीतून दिसेनासा झाल्यावर मला इतका हलकेपणा वाटला की काय सांगू. पुलावरच्या त्या सकाळपासून पहिल्यांदाच तोंडातली कडवट चव गेली असं वाटलं. मी हसत हसत आबाजवळ जाऊन बसलो.

“आबा, झ्याक केलंत! आता काढा सनई. हितंच वाजवा दारात, त्येला ऐकू जाऊ द्या.”

आबानं भोवरा माझ्या मुलाच्या हातात दिला. त्याला पिटाळलं. मग माझ्याकडं बघितलं. कोर्टानंतर इतकं सरळ त्यानं माझ्याकडं प्रथमच बघितलं.

“मी त्येला जे सांगितलं ते चेष्टेनं न्हाई सांगितलं, बजरंगा.”

“म्हंजी?”

“तू शपतंवर बोललास. सोजरच्या पोरांच्या तोंडात त्येच्यावर घास पडतोय. ते खोटं कसं पडू द्यायचं? घरात कुनी वाजवत न्हाई. तूच म्हनालास.”

“मला तसं म्हनायचं नव्हतं.”

“पर म्हनालास.”

मग मला कळलं, की गेली दीड वर्षं आबानं सनईला हात लावला नव्हता. पत्तीचा डबाही कुठं दिसत नव्हता. मी रोज त्याच घरात राहत होतो आणि माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यानंतर आबा नऊ वर्षं जगला. मी पायांवर डोकं ठेवलं, सोजर येऊन रडली, “मामंजी, माझी पोरं आता मोटी झाली, वाजवा की” म्हणाली. तो तिला म्हशीचं दूध किती निघतं ते विचारायचा. वाद्याला त्यानं हात लावला नाही. माझ्यावर तो कधी रागावला नाही, टाकून बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

लगीनसराईत संध्याकाळी कुठल्या तरी मांडवातली सनई लांबून कर्ण्यावर ऐकू यायची. आबा दारात बसलेला असायचा, काठी मांडीवर आडवी. त्याची बोटं त्या काठीवर हलायला लागायची. एकेक भोक मिटत, एकेक उघडत. नाकानं श्वास आत जायचा, गाल किंचित फुगायचे. मग मी बघतोय हे त्याच्या ध्यानात यायचं आणि तो काठी उचलून उभी धरायचा.